तलाव खोल झाला, मरळ कुठे गेली?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या मामा तलावाच्या खोलीकरणाची बातमी आली होती, फोटोत जेसीबी, टिप्पर, नारळ फोडणारे साहेब लोक, आणि खाली लिहिलेलं की एवढे एवढे हजार घनमीटर गाळ निघाला. बातमी चुकीची नाही, गाळ निघालाच असेल. पण गाळासोबत काय काय निघालं ते कोणी मोजलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, साडेचार एकर धानाची शेती, त्यात एक छोटी बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, मामा तलाव म्हणजे मामाचा तलाव नाही, माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा-सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले, नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळीनं बांधला हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगतं. १९५१ मधे मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, छोटे जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारेकडे. गावाकडे राहिला तो फक्त निस्तार, म्हणजे पाणी घ्यायचा, गुरं पाजायचा, मासे धरायचा हक्क, तो जुन्या निस्तार पत्रकात लिहिलेला आहे, पण ते पत्रक बघितलेला माणूस आता गावात शोधून सापडत नाही.

तर आमच्या गावचा तलाव. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात खोलीकरण निघालं, कॉन्ट्रॅक्टर कोण, मंजुरी कोणाची त्यात मला पडायचं नाही. मीही त्या दिवशी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन रांगेत उभा होतो हे आधीच कबूल करतो, कारण गाळ बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यात, टाकला की धान चांगला येतो हे मलाही माहिती आहे, आणि फुकट मिळतोय तर कोण सोडतं. बारा ट्रॉल्या आणल्या. सातव्या की आठव्या ट्रॉलीच्या वेळी जेसीबीची बकेट वर आली आणि गाळाच्या ढेकळात मला गोल झाकणासारखं काहीतरी दिसलं, मला वाटलं गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण आहे, हात घातला तर कासव. जिवंत. पाठ मऊ असते ते, उन्हाळ्यात तलाव आटला की ओल्या चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट बघतं, श्वास जेमतेम चालू. त्याच्या पाठीवर बकेटच्या दाताची एक रेघ उमटली होती. ऑपरेटर पोरगा म्हणाला भाऊ सकाळपासून असे सात-आठ निघाले, दोन तुटले. तो बिचारा तरी काय करणार, त्याला तासाचे पैसे.

मरळ मासळीही तशीच, पाणी गेलं की चिखलात दबून राहते, हवा घेऊन जगू शकते म्हणून. मागूरही. बाहेरचा माणूस उन्हाळ्यातला कोरडा तलाव बघून म्हणतो की हा रिकामा आहे, खोदून टाका. रिकामा कुठे असतो, सगळे झोपलेले असतात बाप्पा. मरळ, मागूर, कासवं, कमळाचे कंद, गाद नावाच्या गवताचे बारीक बारीक कंद, देवधानाचं बी, सगळं त्या वरच्या हात-दीड हात गाळात. आणि आपण नेमका तोच थर उचलून शेतात नेतो.

याचा पुरावा मला माझ्याच बांधीत मिळाला. त्या वर्षी जुलैत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला आणि पंधरा दिवसात बघतो तर धानाच्या मधे मधे वेगळंच काही उगवलेलं, आधी मला करगा, म्हणजे धानासारखं दिसणारं तण, वाटला, उपटायला वाकलो तर माय धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडली, अरे ते देवधान आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या मेहनतीचं खात नाहीत, त्या दिवशी आमच्याकडे देवधानाचा भात असतो, नांगराशिवाय तलावात आपोआप येणारं धान. मायनं पूर्वी टोपली घेऊन तलावाच्या काठाला जाऊन ते झोडून आणलेलं. आता ते माझ्या बांधीत निंदणाच्या बायकांच्या हातून उपटलं जात होतं आणि तलावात एक काडी नव्हती. शेजारच्या कोपऱ्यात गादही फुटली होती. म्हणजे तलावातलं गवत चालत माझ्या शेतात आलं, म्हणजे मीच आणलं, बारा ट्रॉल्या भरून.

आता तुम्ही म्हणाल गवत गेलं तर गेलं, त्यात काय. सांगतो. आमचा तलाव बशीसारखा होता. पाळीकडे, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाकडे, खोल आणि वरच्या अंगाला उथळ उथळ होत जाऊन कधी शेत लागलं ते कळायचंच नाही, पाणी किती आहे त्यावर तलावाची हद्द ठरायची. त्या उथळ भागात घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या पाण्यात ते गवत. पहिला जोराचा पाऊस झाला की मासे पाण्याच्या उलट वर चढतात, नाल्यानं, पाटानं, अगदी बांध्यांमधे घुसतात आणि तिथल्या कोमट उथळ पाण्यात अंडी घालतात. मरळ तर गवतात गोल जागा साफ करते, अंडी वर तरंगतात, नर-मादी दोघं राखण करतात. पिल्लं निघाली की लालसर रंगाचा पुंजका पाण्यावर फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप, तुम्ही बोट घातलं तर मरळ धावून येते. लहानपणी आमचा तो खेळ होता. तीच पिल्लं डासाच्या अळ्या खातात, किडे खातात, आणि पाणी उतरायला लागलं की तलावात परत.

खोदलेला तलाव आता बशी राहिला नाही, बादली झालाय. काठ उभा कापलेला, बारा-पंधरा फूट सरळ खाली. गुरं पाण्यात उतरू शकत नाहीत, मागच्या वर्षी एक वासरू घसरून गेलं. उथळ भागच नाही तर मरळ अंडी कुठे घालेल. मासेमारी सोसायटीवाले म्हणतात आम्हाला बरं झालं, रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली की खोल पाण्यात चांगली वाढतात, ते खरंच आहे. पण रोहू-कटला बंद पाण्यात अंडी घालत नाही, दर वर्षी बीज विकत आणावं लागतं, आणि ते मासे लिलावाच्या दिवशी निघतात आणि बाजारात जातात. ढिवराच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, घरची म्हातारी संध्याकाळी पेलनं, म्हणजे हातातलं लहान जाळं, घेऊन काठाला दोन फेऱ्या मारायची आणि रात्रीच्या कालवणाची सोय करायची ते मासे वेगळे होते, ते गेले. तो हिशोब कोणत्याच रजिस्टरमधे नाही.

पक्ष्यांचं मला फार शास्त्र येत नाही पण डोळे आहेत. पूर्वी थंडीत अडई बदकांचे थवे यायचे, रात्री शिट्टी वाजवल्यासारखा आवाज करत बांध्यांवरून जायचे. कमळाच्या पानावर चालणारा तो लांब बोटांचा पक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि ते उघड्या चोचीचे करकोचे जे गोगलगायी फोडून खातात. लांब पायाच्या पक्ष्याला पाय टेकायला जमीन लागते एवढी साधी गोष्ट आहे. पंधरा फूट पाण्यात बगळा कुठे उभा राहील?

सारस तर विचारूच नका. सहा फुटाच्या आसपास उंच, उडणाऱ्या पक्ष्यांमधे जगात सगळ्यात उंच, आणि महाराष्ट्रात तो जवळजवळ आमच्या गोंदिया जिल्ह्यातच उरलाय, मोजणीत तीसच्या मागेपुढे आकडा येतो. माझी ताई गोंदिया तालुक्यात दिलीय, वाघ नदीच्या बाजूला, तिच्या दिराच्या बांधीत एकदा सारसानं घरटं केलं. मी बघायला गेलो होतो. भर बांधीत, धान पोटरीत आलेला, आणि मधोमध धानाचीच रोपं आणि गवत उपटून खाटेएवढा ढीग घातलेला, त्यावर दोन अंडी. आजूबाजूची जागा साफ, नुसतं पाणी. ताईचा दीर म्हणाला, बघा, पायलीभर धान गेलं असेल, जास्त नाही, पण युरिया टाकायला त्या बाजूला जाता येत नाही, नर अंगावर येतो. महिनाभर त्यानं ती बाजू सोडून दिली. घरात कोणी त्याला शाबासकी दिली नाही, उलट बायको बडबडत होती. पण अंडी फुटली आणि पिल्लं आईबापामागे धुऱ्या-धुऱ्यानं तलावाकडे गेली. सारस धानात घरटं करतो, पण पिल्लं घेऊन तलावाच्या उथळ काठाला जातो, तिथले किडे, बेडूक, आणि त्या गाद गवताचे कंद उकरून खातो. म्हणजे त्याला बांधी पण पाहिजे आणि बशीसारखा तलाव पण पाहिजे, दोन्हीतलं एक काढलं की झालं. आमच्या नवेगावबांधकडे पूर्वी दिसायचे असं बाबा सांगतात. मी पाहिले नाहीत.

आता एवढं सगळं जेसीबीवर ढकलून मी मोकळा होणार नाही, कारण तलाव बिघडवण्यात आमचा शेतकऱ्यांचाही हात आहे. आणि हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. दहा-अकरा वर्षं झाली असतील, खोडकिडा लागला म्हणून मी बांधीत थिमेट हे दाणेदार औषध फेकलं. दुकानदारानं सांगितलं एकरी एवढं, मी वर दोन मुठी जास्त, म्हटलं असू द्या. दुसऱ्या रात्री धो धो पाऊस, बांधी फुटून पाणी बोडीत. सकाळी बोडीवर पांढरी पोटं वर करून सगळे मासे, खेकडे धुऱ्यावर येऊन पडलेले, आणि एक बगळा, बहुतेक तेच मासे खाल्लेला, काठावर पंख पसरून. बाबा काही बोलले नाहीत, फावडं घेऊन खड्डा करायला लागले. त्या बोडीतलं पाणी आमच्या बैलांनी आठ दिवस प्यायलं नाही. थिमेट, म्हणजे फोरेट, २०२० च्या शेवटी सरकारनं बंद केलं ते चांगलंच झालं. पण बंद झाल्यावर त्याच्या जागी दुसरं आलं, नाव वेगळं, पुडी वेगळी, बिल मागितलं तर दुकानदार हसतो.

आणि गंमत अशी की एवढं विष टाकून तुडतुडे कमी झाले का? वाढले. कारण तुडतुड्याला खाणारे कोळी आणि चतुर आधी मरतात, बेडूक मरतो, आणि तुडतुड्याची पुढची पिढी मोकळ्या रानात येते. कृषी सहायकानं मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं साहेब आधी सांगायचं ना. बेडकाच्या तंगड्या आपल्या देशातून परदेशात जायच्या, १९८७ पासून निर्यात बंद आहे, का तर बेडूक शेतातले किडे खातो म्हणून. परदेशात जायचा बंद झाला आणि आम्ही इथेच मारला. गेल्या तीन वर्षांपासून मी एका बांधीत, पाऊण एकर, दाणेदार औषध बंद केलंय. मधे मधे बांबूच्या काड्या रोवल्या, त्यावर कोतवाल आणि वेडे राघू बसतात, युरिया अर्धा केला. पहिल्या वर्षी एकरी दोन क्विंटल कमी आलं, शेजारी हसले. दुसऱ्या वर्षी जवळजवळ बरोबरीत आलं आणि औषधाचे पैसे वाचले. यंदा कडा करपा आला, तो कोतवाल खात नाही, नुकसान झालं. सगळ्या साडेचार एकरात करायची हिंमत अजून झालेली नाही, पोरीची फी भरायची असते.

दुसरं म्हणजे उन्हाळी धान. पूर्वजांनी तलाव बांधले ते खरिपासाठी, भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या, धानाला ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस गेल्यावर एक पाणी कमी पडतं ते द्यायला. आता सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावर उन्हाळी धानही विकला जातो म्हणून फेब्रुवारी-मार्चमधे सगळे मोटरी लावतात आणि तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडं राहतं, एप्रिलमधे तलावात चिखल. मग आम्हीच ओरडतो की तलावात पाणी टिकत नाही, खोल करा. पाणी टिकायला आधी कोणी ठेवायला नको का?

जंगली जनावरांचं म्हणाल तर मी काही प्राणिप्रेमी वगैरे नाही. डुकरांनी एका रात्रीत माझा अर्धा एकर निसवलेला धान लोळून टाकलाय, भरपाईचा अर्ज, पंचनामा, सातबारा, फोटो, हे सगळं मी केलेलं आहे, ज्यानं केलं त्यालाच माहीत. नोव्हेंबरात मचाणावर जागल करताना शहरातले लोक वन्यजीव वाचवा म्हणतात ते आठवून डोकं फिरतं. पण एक निरीक्षण सांगतो. डुकरं आमच्याकडे जंगलातून कमी आणि तलावाच्या काठच्या बेशरमातून जास्त येतात. बेशरम हे झाड गुरं खात नाहीत, तोडलं तरी काडीतून फुटतं, एकदा काठाला लागलं की देवधान, गाद सगळं दाबून टाकतं आणि त्याची अशी दाट जाळी होते की डुकराचं अख्खं खानदान दिवसभर आत झोपतं, पाणीही जवळ, धानही जवळ. तलावाचा काठ साफ, गवताचा असता तर डुकराला लपायला जागा कुठे होती. आम्ही मात्र बेशरम तोडायचं सोडून तारेत करंट सोडतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ ला झाला, वाघ फिरतात, तार वाघ ओळखत नाही आणि सकाळी विसरून पाय टाकणारा शेतकरीही ओळखत नाही. आमच्या ओळखीतला एक माणूस असाच गेला, स्वतःच्याच तारेनं. जास्त लिहीत नाही.

असो, विषयावर येतो. गाळ काढूच नका असं मी म्हणत नाही. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ ला आली, हेतू चांगला आहे, बांधीला गाळ पाहिजेच आणि तलावात पाणीही पाहिजे, आमच्या तलावात खोदल्यावर मागच्या ऑक्टोबरात एक पाणी जास्त मिळालं हे मी नाकारत नाही. पण काढायची रीत असते. जुने लोक उन्हाळ्यात बैलबंडीनं गाळ न्यायचे, पाळीजवळच्या खोलगट भागातून, आणि दर वर्षी थोडा थोडा. बंडीनं किती निघणार, म्हणून तलाव वाचायचा. आता यंत्र आहे तर निदान एवढं तरी करा की वरच्या अंगाचा उथळ तिसरा हिस्सा हातच लावू नका, काठाला उतार ठेवा, एका वर्षी एकच बाजू खोदा म्हणजे दुसऱ्या बाजूचे कंद आणि बी शिल्लक राहतील. आणि खालची चिकण माती फोडू नका, ती फुटली की पाणी खाली झिरपतं, मग बादली मोठी होते पण पाणी राहत नाही, शेजारच्या गावात हेच झालंय. एस्टिमेट घनमीटरवर निघतं म्हणून कॉन्ट्रॅक्टर जिथे खोदायला सोपं तिथे खोदतो, आणि सोपं असतं ते उथळ कोरड्या भागात. एस्टिमेट करणाऱ्या साहेबांनी एक दिवस ढिवर समाजाच्या म्हाताऱ्या माणसासोबत तलावाला चक्कर मारली तर तो दाखवेल मरळ कुठे असते, कुठे खोदलं तरी चालेल.

आणि हे हवेतलं नाही. आमच्याच अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांनी ढिवर संस्था आणि बचत गटाच्या बायकांना सोबत घेऊन काही तलावातलं बेशरम मुळासकट काढलं, उन्हाळ्यात तलावाची जमीन नांगरली आणि दुसऱ्या तलावातून देशी पाणवनस्पती आणून रोपासारख्या लावल्या, धानाचा रोवणा करतात तशा. आधी लोक हसले म्हणे, तलावात गवत कोण लावतं. नंतर देशी मासे परत यायला लागले. मी एकदा जाऊन बघितलं, चिखलात उभ्या बायका आणि हातात गवताच्या जुड्या, लांबून बघितलं तर रोवणाच वाटतो.

ज्यांच्याकडे प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे त्यांनाही एक विनंती, जाता जाता. त्या कागदावरून कोल्हा, ससा, कुत्रं आत घसरलं की वर चढता येत नाही, पोहून पोहून मरतं आणि मग तेच पाणी तुम्ही पिकाला देता. जुन्या बारदान्याची किंवा दोरीची एक पट्टी काठावरून आत सोडून ठेवा. शंभर रुपयेही लागत नाहीत. माणसाचं पोरही वाचेल कधी.

पत्र लांबलं. लिहायचं कारण एवढंच की आमच्या गावचा दुसरा तलाव, गावाच्या वरच्या अंगाचा, अजून बशीसारखा शिल्लक आहे आणि त्याचंही खोलीकरण या उन्हाळ्यात लागणार असं ऐकतोय. ग्रामसभेत मी विषय काढला तर एक जण म्हणाला तुला तुझ्या बांधीत गाळ पाहिजे होता तेव्हा नाही आठवलं. बरोबर आहे त्याचं. म्हणून मी लेखी अर्ज दिलाय, त्यावर ढिवर सोसायटीच्या सहा जणांच्या सह्या आहेत, पोच मिळाली आहे. तुमचा कोणी वार्ताहर येणार असेल तर एप्रिल लागायच्या आत पाठवा, आणि सकाळी साडेसहाच्या आधी, नंतर मोटरी चालू होतात आणि पक्षी उठून जातात. मी पाळीवर तुडुमाजवळ भेटतो. ते कासव मी तेव्हा माझ्या बोडीत सोडलं होतं, परवा बोडीच्या काठाला ऊन खात बसलं होतं, पाठीवर ती रेघ आहे अजून, तेही दाखवतो.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया